सर्पगंधेची मुळी जगाच्या दवाखान्यात नेणारे डॉ. रुस्तम वकील

मार्केट यार्ड (पुणे) : भुसार बाजारात माल आला की आधी मूठभर दाणे तळहातावर घेतले जातात. दाणा भरलाय का, ओल किती, माती-खडा किती, हे मुरलेला माणूस नजरेनं सांगतो. मग भाव, मग काटा. ज्वारी, हरभरा, गूळ, हळद यांच्या बाबतीत हे जमून जातं. औषधी मुळीच्या बाबतीत मात्र नजर फसते. दोन मुळ्या दिसायला सारख्या, चवीला दोन्ही कडू, तरी एकीत औषध भरपूर आणि दुसरीत नावापुरतं असू शकतं. तिची खरी प्रत कळते ती माणसाच्या पोटात गेल्यावर. आणि तिथं काटा चालत नाही, तिथं यंत्र लागतं.

सर्पगंधेच्या मुळीचं असं मोजमाप करून ते जगाला पटेल अशा रीतीनं मांडणारे डॉक्टर मुंबईचे. नाव डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १७ जुलै १९११, मुंबई. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना हे नाव पुस्तकांच्या पाठीवर दिसतं. पण तालुक्याच्या गावात रोज सकाळी बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. वास्तविक रक्तदाब औषधानं खाली आणता येतो, या गोष्टीवर जगाचा विश्वास बसवण्यात या पारशी डॉक्टरचा वाटा मोठा आहे.

डॉ. वकील यांनी वैद्यकीचं वरचं शिक्षण लंडनला घेतलं आणि ते मुंबईला परतले. पुढे परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून त्यांचं काम उभं राहिलं. केईएम म्हणजे गिरणगावाच्या मध्यभागी उभं असलेलं रुग्णालय. सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं आजूबाजूच्या चाळींत राहायची. रुग्णांची वाण कधी नव्हती.

वाण होती ती औषधाची. आज बीपी म्हटलं की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि विषय संपतो. त्या काळी तसं नव्हतं. वरचा रक्तदाब ही शरीराचीच गरज आहे, तो खाली आणला तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. इंग्रजीत या आजाराच्या नावात इसेन्शियल हा शब्द चिकटला, त्यामागं हीच समजूत. काही जण मीठ तोडायला सांगत. अमेरिकेत एका डॉक्टरनं नुसता भात, फळं आणि साखर यांचा आहार काढला होता. तो लागू पडायचा, पण महिनोन्‌महिने तेवढंच खाऊन कोण राहणार? पाठीच्या कण्याशेजारच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया व्हायची. थायोसायनेट नावाचं रसायन दिलं जायचं, ते अंगात जरा जास्त झालं की विषासारखं बाधायचं.

या सगळ्याचा सगळ्यात ठळक दाखला म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट. दुसऱ्या महायुद्धात अर्ध्या जगाचे निर्णय घेणारा हा माणूस. १९४४ च्या वसंतात त्यांचा वरचा आकडा १८० च्या पुढं गेला होता. डॉक्टरांनी विश्रांती, मीठ कमी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस, एवढंच सांगितलं, कारण त्यापलीकडं फारसं काही हातात नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या दिवशी मोजलेला रक्तदाब होता ३०० आणि १९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाच्या प्रमुखाला जे औषध मिळालं नाही, त्याची मुळी त्याच वेळी आपल्याकडच्या जंगलात उगवत होती. तिच्या गोळ्याही देशात विकल्या जात होत्या.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. पानं चकचकीत, खोडाभोवती तीन-तीन चार-चारच्या घेरात. फुलं पांढरी-गुलाबी, त्यांचे देठ लाल, फळं पिकली की काळपट जांभळी. सावलीच्या, ओलाव्याच्या जागी येतं. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्री आणि कोकणपर्यंत त्याचा पसारा आहे. जुन्या वैद्यांना ही मुळी माहीत होती. साप-विंचू चावल्यावर, झोप लागत नसेल तर, वेडाच्या झटक्यात ती दिली जायची. बिहारकडं तर ती वेडाचं औषध म्हणूनच ओळखली जात होती. शास्त्रीय नावातलं राऊवोल्फिया हे मात्र सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याच्या आठवणीत ठेवलेलं. त्या बिचाऱ्यानं हे झाड कधी पाहिलंही नव्हतं.

प्रयोगशाळेत ही मुळी डॉ. वकील यांच्या आधीच पोचली होती, हे सांगायला हवं. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइड वेगळे केले. हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला अजमलीन म्हटलं गेलं. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या रुग्णांवर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. मग कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा प्राण्यांवर अभ्यास केला. १९३० च्या दशकात डेहराडूनच्या हिमालया ड्रग कंपनीनं वाळवलेल्या मुळीची गोळी बाजारात आणली, नाव सर्पिना. कंपनीचे संस्थापक मोहम्मद मनाल यांनी ब्रह्मदेशात चवताळलेल्या हत्तींना ही मुळी खाऊ घालून शांत केलेलं पाहिलं, अशी कथा सांगितली जाते. कथा म्हणून ती छान आहे.

एवढं सगळं असूनही देशाबाहेर कोणी मान वर करून पाहिलं नाही. भारतीय नियतकालिकांत छापलेलं बाहेर वाचलं जात नसे. आणि दुसरं म्हणजे पुराव्याचा घाट वेगळा होता. या औषधानं बरं वाटलं, त्या रुग्णाला गुण आला, अशा नोंदी ढीगभर. किती जणांना दिलं, किती जणांचा आकडा किती उतरला, किती जणांचा नाही उतरला, काय त्रास झाला, हे एकाच जागी मांडलेलं क्वचितच मिळायचं.

डॉ. वकील अनेक वर्षं हे औषध आपल्या रुग्णांना देत होते. नुसतं देऊन थांबले असते तर ते आणखी एक यशस्वी डॉक्टर झाले असते, इतकंच. त्यांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. मूत्रपिंडाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या आजारामुळं बीपी वाढलेले नव्हेत, तर ज्यांच्या वाढलेल्या रक्तदाबाला दुसरं कारण सापडत नव्हतं असे. त्यांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब मोजत राहिले, वरचा आणि खालचा दोन्ही आकडे टिपले. चार आठवड्यांनी दहातल्या आठांपेक्षा जास्त जणांचा रक्तदाब उतरलेला दिसला. कोणाचा थोडा, कोणाचा चांगलाच. गोळी बंद केल्यावरही तो लगेच उसळी मारत नव्हता, गुण काही काळ टिकत होता.

हा लेख त्यांनी लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नलकडं पाठवला आणि १९४९ साली तो छापून आला. कुठं छापायचं ही निवड छोटी वाटते, पण सगळं तिथंच फिरलं. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या प्रयोगात उणिवा दिसतील. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसती दिसायला तशी गोळी द्यायची, ही पद्धत तेव्हा नुकतीच रुजू लागली होती. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला गाजलेला प्रयोग छापला गेला तोच मुळी १९४८ साली. तरीही पन्नास माणसांचे आकडे, सरळ भाषेत आणि हृदयरोगाच्या डॉक्टरांच्या हातात रोज पडणाऱ्या नियतकालिकात. ते नाकारणं अवघड होतं.

अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला. त्यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना दिल्या. रक्तदाब हळूहळू उतरला, नाडी मंद झाली, आणि आणखी एक गोष्ट दिसली. रुग्ण शांत झाले. काळजीत बुडालेली माणसं निवांत बोलू लागली. विल्किन्स यांनी १९५२ पासून हे जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळीतला मुख्य कार्यकारी घटक वेगळा केला. त्याचं नाव ठेवलं रेसरपिन. सर्पगंधेत पन्नासहून जास्त अल्कलॉइड आहेत, त्यांतला हा एक. मूठभर मुळीचं काम आता मिलिग्रॅमच्याही अंशात होऊ लागलं.

हे औषध काम कसं करतं, ते कळायला अजून काही वर्षं जायची होती. मज्जातंतूंच्या टोकाशी रसायनांच्या बारीक पिशव्या असतात. मेंदूकडून हुकूम आला की पिशवी फुटते, रसायन बाहेर पडतं आणि रक्तवाहिनी आवळली जाते. रेसरपिन या पिशव्या भरूच देत नाही. साठा हळूहळू रिकामा होतो, हुकूम येतो पण पोचवायला काही उरत नाही, आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. म्हणून गुण यायला दिवस लागतात आणि गोळी सोडल्यावर जायलाही दिवस लागतात. डॉ. वकील यांनी केईएमच्या रुग्णांत जे पाहिलं होतं, त्याचा उलगडा हा असा झाला.

वेडाच्या आजारातही या मुळीनं धुमाकूळ घातला. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी, भारतातल्या वापराची बातमी वर्तमानपत्रात वाचून, तिचा प्रयोग सुरू केला आणि १९५४ साली निष्कर्ष छापले. साखळदंड, विजेचे झटके, थंड पाण्याच्या चादरी यांच्या जागी गोळी आली. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला, त्यात क्लाइन आणि मनोविकारांवरच्या नव्या औषधांचे इतर मानकरी होते, आणि रक्तदाबावरच्या सर्पगंधेसाठी डॉ. रुस्तम वकील होते. वैद्यकशास्त्रात नोबेलच्या खालोखाल ज्याचं नाव घेतलं जातं तो हा पुरस्कार. विल्किन्स यांना तो पुढच्या वर्षी मिळाला. म्हणजे ज्यानं लेख वाचला त्याच्या आधी ज्यानं लिहिला त्याला, हा क्रम तरी बरोबर लागला. भारत सरकारनं १९५८ मध्ये डॉ. वकील यांना पद्मभूषण दिलं.

दरम्यान जंगलात वेगळंच चाललं होतं. मुळीला परदेशातून एवढी मागणी आली की झुडपं सरसकट उपटली जाऊ लागली. सर्पगंधेचं औषध मुळीत, मुळीच्या सालीत जास्त. मुळी काढायची म्हणजे झाड मारायचंच. पान तोडून पुन्हा फुटवा येण्याची सोय नाही. भारत सरकारला निर्यातीवर निर्बंध आणावे लागले, तेव्हा परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीच्या राऊवोल्फियाकडं वळल्या. १९५६ साली हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसरपिन पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. आज ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या यादीत आहे. बाजारात सर्पगंधा म्हणून येणाऱ्या मुळीत तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडांची भेसळही होते. वाळलेली मुळी पाहून फरक ओळखणं सोपं नाही.

औषधाची दुसरी बाजूही पुढं येत गेली. नाक चोंदणं, गुंगी, जुलाब, नाडी मंदावणं हे त्रास सुरुवातीलाच कळले होते. पण काही रुग्ण अगदी खचून जात, कशातच मन लागत नसे, आणि काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत. ही गोष्ट गंभीर होती. मोठी मात्रा घेणाऱ्यांत हा धोका जास्त दिसला. रक्तदाबासाठी मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, फार तर पाव मिलिग्रॅम पुरतो. सुरुवातीच्या काळात मात्र कित्येकांना त्याच्या कितीतरी पट दिलं जात होतं. झाडपाल्याचं औषध बाधत नाही, असं आपल्याकडं सर्रास म्हटलं जातं. सर्पगंधेला ते लागू नाही. घरच्या घरी मुळी उगाळून घेणाऱ्याला आपण किती रेसरपिन घेतलं हे कळण्याचा मार्गच नसतो. आज पाव मिलिग्रॅम, उद्याच्या मुळीतून दुप्पट, असंही होऊ शकतं.

या त्रासातूनही विज्ञानाला वाट मिळाली, हे विशेष. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित पडलेल्या जनावरांना एल-डोपा दिलं, तेव्हा ती पुन्हा हालचाल करू लागली. त्यातून मेंदूतल्या डोपामिनचं काम उलगडलं आणि हात थरथरणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांना औषध मिळालं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि रक्तदाबाचा मूळ प्रश्न? आकडा खाली आणला म्हणून माणूस जास्त जगतो का, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ साली त्याचं उत्तर दिलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना औषध आणि काहींना नुसती दिसायला तशी गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांत पक्षाघात, हृदय बंद पडणं, मूत्रपिंड निकामी होणं यांचं प्रमाण इतकं कमी दिसलं की या गटापुरता प्रयोग लवकर आवरता घ्यावा लागला. त्या औषधात तीन घटक होते, त्यांतला एक रेसरपिन. बीपीची गोळी बरं वाटलं तरी सोडू नका, असं प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर जे बजावतात, त्याचा पाया तिथं पडला.

आपल्या खेड्यापाड्यांतही रेसरपिन पोचलं होतं. सिबाची अॅडेलफेन ही मिश्र गोळी देशभरातले डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत असत. स्वस्त, आणि बहुतेक मेडिकलच्या दुकानात मिळायची. घरातली जुनी माणसं आजही या गोळीचं नाव काढतात.

डॉ. वकील स्वतः सर्पगंधेवरच अडकून राहिले नाहीत. १९५५ साली अमेरिकेच्या सर्क्युलेशन या नियतकालिकात त्यांनी तोवर झालेल्या सगळ्या कामाचा आढावा घेतला. त्यानंतर त्यांचं लक्ष हृदयविकाराकडं जास्त गेलं. झटका यायच्या आधी काही दिवस-आठवडे छातीत वारंवार दुखतं, ईसीजीत मात्र झटक्याची खूण पूर्ण उमटलेली नसते, अशा मधल्या अवस्थेवर त्यांनी १९६१ साली लिहिलं. या अवस्थेत रुग्ण ओळखला तर झटका टाळता येण्याची संधी असते. म्हणून आज तालुक्याच्या रुग्णालयातही छातीत दुखणाऱ्याला आधी ईसीजीच्या टेबलावर घेतात.

लिहिणं हा त्यांचा दुसरा व्यवसायच होता म्हणायला हरकत नाही. डॉ. आस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रुग्ण कसा तपासावा यावर पुस्तक लिहिलं. नाडी कशी धरावी, छाती कशी ठोकावी, पोट कुठून चाचपावं, हे देशातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यातून शिकल्या. वैद्यकीच्या इतिहासावरही त्यांनी आवडीनं निबंध लिहिले. यंत्रं आणि आकडे यांच्यावर भिस्त ठेवणारा हा माणूस जुन्या वैद्यांच्या पोथ्यांना हसत नव्हता. मात्र त्या पोथ्यांतलं मोजल्याशिवाय लिहून देतही नव्हता.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एकाच अंकात तीन अभ्यास आले, बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकीचे. रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर खळबळ उडाली, डॉक्टरांनी औषध बंद करायला सुरुवात केली. पुढच्या अभ्यासांत हा संबंध तितका टिकला नाही, तुलनेसाठी निवडलेल्या रुग्णांतच गफलत होती असंही दाखवलं गेलं. पण तोवर नवी औषधं आली होती आणि रेसरपिनची जागा गेली ती गेलीच. २००९ साली जुने प्रयोग पुन्हा एकत्र करून तपासले गेले, तेव्हा हे औषध रक्तदाब इतर पहिल्या फळीच्या औषधांइतकाच उतरवतं, असंच दिसलं. अर्थात तसे नीट केलेले प्रयोग हाताशी होते फक्त चार.

त्या खळबळीनंतर दोन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ ला, डॉ. रुस्तम वकील गेले. वय ६३. त्यांच्या संपादनाखाली १९६९ साली भारतीय डॉक्टरांच्या एपीआय या संघटनेचं वैद्यकशास्त्राचं मोठं पाठ्यपुस्तक पहिल्यांदा निघालं होतं. तोवर आपल्याकडचे विद्यार्थी इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णांवरची पुस्तकं वाचून इथल्या मलेरिया-विषमज्वराला सामोरे जात. त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या अजूनही निघत असतात.